फेरो बेटांचा फेर आणि टीरची गिटार

गेल्या काही भागांत आपण कर्जाचे हप्ते, मुदत ठेव आणि शेवयांच्या यंत्राबद्दल बोललो. आज विषय गाण्याचा आहे. गाणंही असं, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्यातल्या निम्म्याजणींनी कानांवर हात ठेवले.

झालं असं. गटाची मासिक बैठक संपली होती, वसुली झाली होती, वहीवर सह्या चालल्या होत्या. एका सभासद ताईंची कॉलेजात जाणारी मुलगी आईची वाट बघत बसली होती, कानात वायर घालून. "काय ऐकतेस गं एवढं?" असं विचारल्यावर तिनं फोन स्पीकरवर लावला. गिटारींचा गडगडाट आणि ड्रमचा मारा सुरू झाला. "पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजतंय," एकजण म्हणाली. पण आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी कान देऊन ऐकत राहिल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "भाषा नाही कळली, पण धृपद परत परत येतंय. हे एकट्यानं म्हणायचं गाणं नाही. दहाजणींनी मिळून म्हणायचं आहे."

आजींचं अगदी बरोबर निघालं. ते गाणं होतं 'ओर्मुरिन लांगी', म्हणजे 'लांब सर्प'. वाजवणाऱ्या बँडचं नाव टीर. मुलगी म्हणाली, डेन्मार्कचा बँड आहे. मग आम्ही माहिती काढत गेलो, आणि जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतोय. कारण ही गोष्ट एका बँडची आहे, तशीच कामासोबत म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांचीही आहे. काम गेलं की गाणं कुठं जातं, हा प्रश्न आपलाही आहे.

समुद्रातली मेंढ्यांची बेटं

टीरला डेन्मार्कचा बँड म्हणतात ते अर्धंच खरं. हे लोक फेरो बेटांचे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधल्या समुद्रात ही 18 बेटं आहेत. सगळी मिळून लोकसंख्या सुमारे 54 हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी. बेटं डेन्मार्कच्या राज्यात मोडतात, पण त्यांची भाषा वेगळी, संसद वेगळी, झेंडाही वेगळा. 'फेरो' या नावाचा अर्थ बहुतेकजण 'मेंढ्यांची बेटं' असा लावतात, आणि खरंच तिथं माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. लोकर हेच फेरोचं सोनं, अशी तिकडं म्हणच आहे.

पूर्वी या बेटांवरचा हिवाळा म्हणजे लांबच लांब रात्र, वारा आणि पाऊस. बाहेरचं काम बंद. मग घरातली सगळी माणसं चुलीच्या खोलीत जमायची. धूर जायला छपराला भोक असायचं, म्हणून त्या खोलीला नावच 'धुराची खोली' होतं. तिथं बसून लोकर विंचरायची, सूत काढायचं, विणायचं. या रात्रीच्या बैठकीला त्यांच्या भाषेत 'संध्याकाळची बैठक' असाच शब्द आहे. हात कामात आणि तोंडानं गोष्टी, कोडी आणि लांबलचक कथागीतं. या कथागीतांना ते 'क्वेआयी' म्हणतात. राजे, राक्षस, जहाजं, लढाया, फसलेली लग्नं, सगळं त्यात आलं. एकेका गीताची शंभर-शंभर कडवी, आणि ती सगळी पाठ.

आमच्या गटातल्या बायकांना हे ऐकताना जात्याची आठवण झाली नसती तरच नवल. पहाटेचं दळण, समोरासमोर बसलेल्या दोघी, आणि ओवीमागून ओवी. हातांना काम आणि कामाला गाणं.

फेर कसा धरतात

बैठकीत म्हटलेली गीतं सणाला फेरात यायची. आपल्या भोंडल्यासारखं बायका-पुरुष एकमेकांचे हात धरून गोल करतात. पण इथं मधे हत्ती नाही, वाद्य तर एकही नाही. ढोल नाही, बाजा नाही. ताल धरायचा तो पायांनी, लाकडी फरशीवर. गोल मोठा झाला आणि खोली लहान पडली की तो आत वळतो, पुन्हा बाहेर येतो. त्यामुळे नाचता नाचता प्रत्येकाच्या समोरून प्रत्येकाचं तोंड जातं.

एकजण पुढाकार घेऊन कडवं म्हणतो. त्याला 'शिपारी' म्हणतात, म्हणजे जहाजाचा कप्तान. कडवं माहीत असलेले त्याच्यासोबत म्हणतात, आणि धृपद आलं की सगळा गोल एका आवाजात म्हणतो. जोड्या नाहीत आणि बघे नाहीत. आला तो गोलात शिरला.

पाऊल सोपं आहे: डावीकडे दोनदा, उजवीकडे एकदा. प्रत्येक वेळी पाय टाकायचा आणि दुसरा जवळ ओढायचा. असे सहा ठोके झाले की पुन्हा पहिल्यापासून. पण गाण्याची ओळ बहुतेक वेळा चार ठोक्यांची असते. म्हणजे पाय सहाच्या मापात आणि तोंड चारच्या मापात. नवी ओळ सुरू होते तेव्हा पाऊल दर वेळी त्याच जागी नसतं. गाणं आणि पाय एकमेकांना सोडून जातात आणि पुन्हा भेटतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

असे फेर एकेकाळी युरोपात बऱ्याच ठिकाणी होते. नवीन नाच आले, वाद्यं आली, आणि ते बंद पडले. फेरो बेटं लांब समुद्रात होती, म्हणून तिथं टिकले.

घरची भाषा आणि कागदाची भाषा

सोळाव्या शतकात डेन्मार्कच्या राज्यात धर्मसुधारणा झाली. त्यानंतर फेरोत चर्चची भाषा डॅनिश झाली, कोर्टाची डॅनिश, पुढं शाळेचीही डॅनिश. फेरोची स्वतःची भाषा लिहायची तर तिला ठरलेलं शुद्धलेखनच नव्हतं. ती उरली फक्त घरात, मेंढ्यांच्या मागं, होडीत आणि या गाण्यांत. तीनशे वर्षं ती तोंडातोंडी चालली. गाण्यातला शब्द बदलला तर ओळ मोडते, म्हणून जुने शब्द गाण्यात जपले गेले.

1781-82 मध्ये येन्स क्रिश्चन स्वाबो नावाच्या फेरोच्याच विद्वानानं बेटांवर फिरून गाणी आणि शब्द लिहून घेतले. ही भाषा फार दिवस टिकणार नाही असं त्याला वाटत होतं. ती टिकली. 1846 मध्ये हामर्सहाइम्ब या धर्मगुरूनं फेरो भाषेचं शुद्धलेखन बसवलं. 1948 मध्ये बेटांना अंतर्गत स्वराज्य मिळालं आणि फेरो ही तिथली मुख्य भाषा झाली. कोणतीही पाठ्यपुस्तकं नसताना ती भाषा तिथपर्यंत पोचवली ती लोकर विंचरणाऱ्या, फेर धरणाऱ्या माणसांनी.

पण दरम्यान काम बदललं. 1856 मध्ये बेटांवरची सरकारी व्यापाराची मक्तेदारी उठली, पुढं मोठ्या जहाजांवरची मासेमारी वाढली. लोकरीपेक्षा मासळीत पैसा आला. चुलीच्या खोलीतली बैठक मोडली. गाणी सणापुरती राहिली. आजही दरवर्षी जुलैच्या 28 आणि 29 तारखांना राजधानी तोर्सहाव्नमध्ये ओलाव्सोका नावाचा सण होतो, रात्री लोक रस्त्यात उतरून फेर धरतात. पण रोजच्या कामाचा आधार गेला तो गेलाच.

टीर कुठून आला

1998 साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये राहणाऱ्या फेरोच्या तरुणांनी हा बँड सुरू केला. गिटार वाजवणारा हेरी योएन्सन आणि ड्रम वाजवणारा कारी स्ट्रेमॉय हे त्यातले सुरुवातीचे. नंतर गाण्याची बाजूही हेरीनंच सांभाळली. बँडचं नाव जुन्या नॉर्स पुराणातल्या देवावरून घेतलं. फेनरिर नावाच्या भयंकर लांडग्याला बांधायचं होतं, तेव्हा विश्वास बसावा म्हणून या टीर देवानं आपला हात त्याच्या जबड्यात दिला आणि तो गमावला, अशी कथा आहे.

ही पोरं वाजवत होती हेवी मेटल. हे काय असतं ते थोडक्यात सांगतो. विजेवरच्या गिटारीचा आवाज इतका वाढवायचा की तो फाटतो, खरखरीत होतो आणि लांबतो. त्याला जोरकस ड्रम. हे संगीत 1960च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडच्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात घडलं. ब्लॅक सबाथ या बँडचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं स्वतः टोपणं बनवून बोटांवर बसवली, तारा हलक्या आणि ढिल्या केल्या, आणि वाजवणं सोडलं नाही. पुढं त्यानं तारांचा सूरही खाली उतरवला, आणि त्या जड, खोल आवाजावर हा सगळा प्रकार उभा राहिला. म्हणजे पत्र्याचा आवाज येतो म्हणणारी आमची मैत्रीण फार चुकली नव्हती!

'प्रोग्रेसिव्ह' हा त्यातला एक प्रवाह. यात गाणी लांब असतात, एकाच गाण्यात ताल बदलतो, चाल वळणं घेते. आणि 'फोक मेटल' म्हणजे लोकगीतांच्या चाली घेऊन केलेलं मेटल. टीरनं हे दोन्ही एकत्र आणलं.

सर्पाचं गाणं

'ओर्मुरिन लांगी' हे गीत येन्स क्रिश्चन ज्यूरहूस या फेरोच्या शेतकऱ्यानं एकोणिसाव्या शतकात रचलं. त्याची 86 कडवी आहेत. नॉर्वेचा राजा ओलाफ याच्या 'लांब सर्प' नावाच्या मोठ्या जहाजाची आणि इसवी सन 1000च्या सुमारास झालेल्या समुद्रातल्या लढाईची ही कथा. ओलाफच्या बाजूचा तरणाबांड तिरंदाज ऐन लढाईत धनुष्य ताणतो आणि ते कडाडून मोडतं. काय मोडलं, असं राजा विचारतो. राज्य तुमच्या हातून निसटलं, असं तो सांगतो. शेवटी राजा समुद्रात उडी घेतो. ही हरल्याची गोष्ट आहे, तरी फेरोत सगळ्यात आवडीनं ती नाचली जाते.

टीरनं हे गीत 2002 मध्ये आपल्या 'हाऊ फार टू आस्गार्ड' या पहिल्या अल्बममध्ये घेतलं. ते फेरोत आणि शेजारच्या आइसलँडमध्येही गाजलं. 86 पैकी मोजकीच कडवी घेतली, पण भाषा फेरोच ठेवली आणि धृपद सगळ्यांच्या आवाजात ठेवलं. पुढच्या वर्षी 'एरिक द रेड' या अल्बममध्ये 'रेगिन स्मिदुर' हे आणखी एक जुनं कथागीत आलं.

आता तुम्ही म्हणाल, वाद्यच नसलेल्या गाण्याला एवढी आरडाओरड करणारी वाद्यं कशी मानवली? आम्हालाही हाच प्रश्न पडला. उत्तर दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट सुरांची. मेटलमध्ये गिटारीवर बहुतेक वेळा दोनच सूर एकत्र धरतात, सा आणि प. तंबोऱ्यात ऐकतो ना आपण, तसे. मधला गंधार वाजवत नाहीत. तो वाजवला की चाल एकदम हसरी किंवा रडवी ठरून जाते. जुन्या गीतांच्या चाली अशा एका खणात बसत नाहीत. सा-प मोकळे ठेवले की चालीला तिच्या जागी राहता येतं.

दुसरी गोष्ट तालाची. पाय सहात आणि ओळ चारात, हे मघाशी सांगितलं. बाहेरच्याला वाटतं, ही मंडळी मुद्दाम अवघड ताल शोधतात. पण तसला तिढा तर आजीच्या फेरातच होता. प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुढारलेलं. इथं पुढारलेलं वाटतं ते निम्मं जुन्यातूनच आलेलं आहे.

कौतुक करताना दोन प्रश्न

परंपरा म्हटलं की सगळं सोवळं असं आम्ही मानत नाही, म्हणून हेही सांगायला हवं.

नॉर्स देव आणि चिन्हं जर्मनीत नाझींनी आपल्या द्वेषासाठी वापरली. आजही काही टोळ्या वापरतात. जुन्या देवांची गाणी म्हणणाऱ्यांकडं म्हणून संशयानं बघितलं जातं. टीरनं 2011च्या अल्बममध्ये याच विषयावर एक गाणं केलं आणि त्या द्वेषाशी आपला संबंध नाही हे साफ सांगितलं. पूर्वजांचं गाणं म्हणणं वेगळं आणि त्या नावानं दुसऱ्याला हाकलणं वेगळं. हा फरक करणं, तोही उघडपणे, हे गाणाऱ्याचंच काम आहे.

दुसरा प्रश्न अजून सुटलेला नाही. फेरोत व्हेल जातीच्या माशासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचे कळप किनाऱ्याला वळवून मारण्याची जुनी चाल आहे. मांस गावात वाटून घेतात. तिकडचे बरेच लोक त्याला अन्न म्हणतात. प्राणिप्रेमी त्याला क्रूरपणा म्हणतात. हेरी योएन्सन स्वतः या शिकारीत भाग घेतो आणि ते लपवत नाही. त्यावरून 2016 मध्ये युरोपातले बँडचे काही कार्यक्रम रद्द झाले. आमच्या बैठकीत यावर दोन तट पडले आणि तसेच राहिले. गाणं आवडलं म्हणून गाणाऱ्याचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही.

गाणं कुठं राहतं

2020 मध्ये तोर्सहाव्नच्या नॉर्डिक हाऊसमध्ये टीरनं फेरोच्या सिंफनी वाद्यवृंदासोबत कार्यक्रम केला. तो 2022 मध्ये अल्बम म्हणून निघाला. ज्या भाषेला एकेकाळी लिपीतही धड जागा नव्हती, ती गिटारींच्या आणि व्हायोलिनांच्या मधे उभी राहून गायली गेली. 2024 मध्ये त्यांचा 'बॅटल बॅलड्स' हा अल्बम आला. नावातच कथागीतं आहेत.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. गाणी टीरनं वाचवली असं म्हणणं चुकीचं होईल. स्वाबोनं लिहिली, इतरांनी जमवली, लोकांनी नाचत ठेवली, म्हणून टीरला ती मिळाली. टीरनं केलं ते एवढंच, की धुराच्या खोलीत बसायला ज्यांना वेळ नाही आणि कारणही नाही, अशा पोरांच्या कानात ती पोचवली. लिहून ठेवणं, मूळ रीतीनं म्हणत राहणं आणि नव्या रीतीनं म्हणणं, ही तिन्ही कामं लागतात. एकानं दुसऱ्याची जागा भरत नाही.

आपल्याकडं पहिलं काम मोठ्या प्रमाणावर झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. दुसरं आणि तिसरं काम आपलं आहे.

आम्ही एकदा घाई करून पस्तावलो आहोत. गटाच्या वर्धापनदिनाला आजींची ओवी घेतली, तिला बाजारातला तयार ताल लावला आणि मुलींना नाचायला दिली. टाळ्या पडल्या. आजी मात्र म्हणाल्या, "बायांनो, ओवीला दम घ्यायला जागाच ठेवली नाही तुम्ही." तेव्हा आम्हाला नुसता राग वाटला होता. टीरचं गाणं समजून घेतल्यावर कळलं, आजी बदलाला नाही म्हणत नव्हत्या. ओवीचं स्वतःचं माप असतं, जात्याच्या फेऱ्याचं. ते न मोजता आम्ही वरून दुसरं माप घातलं होतं.

आता आम्ही असं ठरवलंय. आधी आजींची ओवी त्यांच्याच लयीत, मधे न थांबवता, फोनवर ध्वनिमुद्रित करायची. सोबत त्यांचं नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकल्या ते वहीत लिहायचं. रेडिओवर लावायची तर त्यांना विचारून. आणि मग त्या कॉलेजातल्या मुलीला सांगायचं, "घे, आता तुला काय करायचं ते कर. पण आधी एक पायली दळून बघ."

मुलगी हसली, पण पुढच्या रविवारी आली. आजींच्या घरचं जातं माळ्यावर होतं, ते आम्ही चौघींनी खाली उतरवलं. खुंटा सैल झाला होता, तो ठोकून बसवला. दहा मिनिटांत तिच्या तळहाताला फोड आला. पण ओवीची ओळ कुठं थांबते आणि का थांबते, ते तिला कळलं. आजींच्या सोळा ओव्या त्या दिवशी मिळाल्या. पुढच्या रविवारी आणखी बसणार आहोत. तुमच्या घरी जातं असेल तर ते खाली काढा, आणि आम्हाला कळवा. फोन घेऊन आम्ही येतो.